एकतीस कोरी पाकिटं

१

जिन्याखालच्या खोक्यात एकतीस पाकिटं निघाली. बंद, कडा नीट दाबलेल्या, आणि एकावरही पत्त्याचं लेबल नाही.

कार्यशाळेची खोली रिकामी करायची म्हणून मावशी तिथला आणि जिन्याखालचा पसारा उपसत होत्या. ऑफिसची झाडलोट, चहा, टपालाच्या पिशव्या पोस्टात पोचवणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी एक पाकीट दोन बोटांत धरून चाचपलं, झाडू भिंतीला टेकवला आणि माझ्या टेबलाशी आल्या.

"टपालबाई," त्या हळूच म्हणाल्या, "यात ते भोकाचं कार्ड लागतंय हाताला."

मी पाकीट फाडलं. आत दोन कार्डं. एक साधं, एकाच्या मधोमध भोक. दोन्हींवर माझ्याच सहीचा शिक्का.

मी खोकं मागवलं आणि मांडीवर घेतलं.

२

आमची संस्था ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. सभासद सहाशे एक्कावन्न, त्यांत डोळसही बरेच. मागच्या खोलीत कार्यशाळा आहे, तिथे पाच माणसं काम करतात. पाचांपैकी कुणालाच दिसत नाही. पाकिटं भरणं, बाइंडिंग, आणि संस्थेचं सगळं टपाल चिकटवणं हे त्यांचं काम.

हाताने केलेल्या टपालात चुका होणारच, असं म्हणत सचिवसाहेबांनी ठराव आणला. कार्यशाळा बंद करावी, टपाल बाहेरच्या एजन्सीकडे द्यावं, आणि त्या खोलीत दुसरा ध्वनिमुद्रण कक्ष करावा. यावर सगळ्या सभासदांचं मत टपालाने मागवलं. प्रत्येकाला दोन कार्डं. भोकाचं म्हणजे होय, साधं म्हणजे नाही. हवं ते लहान पाकिटात घालायचं आणि परत धाडायचं. बाहेरच्या पाकिटावर फक्त सभासद क्रमांक. बोटांनाच कळावं, कुणाला विचारावं लागू नये, म्हणून ही युक्ती.

निवडणूक अधिकारी मी. चौतीस वर्षं पोस्टात वर्गीकरणाला होते. कुठलं पत्र कुठल्या कप्प्यात, हे झोपेतून उठवलं तरी सांगेन. शिवाय संस्थेत माझा ना कुणी सगा, ना सोयरा.

होय २०८. नाही १९४. मी निकाल वाचला, खाली सही केली. एक तारखेला पाचही जण घरी बसणार होते. आज एकोणीस.

३

ठराव चौदा मतांनी मंजूर झाला होता. माझ्या मांडीवर एकतीस होती.

४

सचिवसाहेब
ठराव यांचा. सगळ्या कपाटांच्या किल्ल्या यांच्याकडे.
हसतात ते फक्त फोटोत.

पासवर्डताई
सभासदांची यादी हिच्या ताब्यात. लेबलं हीच छापते.
दिवसातून दहा जण हिला पासवर्ड विचारतात, म्हणून हे नाव.

चिकटदादा
लेबलं चिकटवतात. अठरा वर्षांत एक वाकडं नाही.
ठरावाने सगळ्यात आधी यांचंच काम जाणार.

मावशी
पिशव्या पोस्टात नेतात. पाकिटं यांनाच सापडली.
हरवलेलं पत्र ज्याला सापडतं त्याला आधी विचारावं, हे मी पोस्टात शिकले.

मी
पाकिटं मी मोजली, मतं मी मोजली, सही माझी.
मला वगळायला कारण सापडेना.

५

म्हणून आधी मावशी.

त्या रागावल्या नाहीत. मतदानाचं टपाल गेलं त्या दिवशी दोन पिशव्या होत्या, एक जड, एक हलकी. वाटेत कुठे थांबल्या नाहीत, पोस्टातल्या खिडकीवर दिल्या, पावती घेतली. ती पावती माझ्याच हातात आणून दिली होती आणि मी म्हटलं होतं, फायलीला लावून टाका.

फाइल काढली. पावतीवर पोस्टाच्या कारकुनाच्या झरझर अक्षरात आकडा होता. नग सहाशे वीस.

तीन आठवडे हा आकडा माझ्या टेबलापासून हातभर अंतरावर होता. लोकांच्या चुका पकडण्यात मी हयात घालवली, आणि एक पावती वाचली नाही.

मावशी दारात उभ्या होत्या. "म्हणजे मी सुटले ना?" त्यांनी विचारलं.

त्या सुटल्या होत्या. पाकिटं पिशवीत पडायच्या आधीच मागे राहिली होती, या भिंतींच्या आत.

६

पासवर्डताईने स्क्रीन माझ्याकडे फिरवला. दोन वर्षांपूर्वी संस्थेने जुन्या कॉम्प्युटरमधली यादी मोडीत काढली आणि ही वेबवरची आणली. जगात कुठूनही उघडते, ती म्हणाली, फक्त आपल्या ऑफिसातून जरा वेळ लागतो.

त्या दिवशी जे केलंस ते सगळं पुन्हा करून दाखव, मी म्हटलं. तिने टपाल पाठवायचे सभासद निवडले, विभागवार लावले, लेबलांचं माप निवडलं: आडवी तीन, उभी सात, एका शीटवर एकवीस. आधी साध्या कागदावर छापायचं. तो कागद लेबलांच्या शीटवर ठेवून उजेडाकडे धरायचा, अक्षरं चौकटीत बसतात ना ते बघायचं. मग खरी छपाई. मग गठ्ठा नेऊन दादांच्या टेबलावर.

"लेबलं किती झाली?" मी विचारलं.

"सहाशे एक्कावन्न. शेवटच्या शीटवरही एक लेबल कोरं राहिलं नाही, बाई. असं कधी होत नाही. मला कोण आनंद झाला होता."

लेबलं सहाशे एक्कावन्न. पाकिटंही तेवढीच, माझ्यासमोर बंद केलेली. मग एकतीस पाकिटं लेबलाविना उरली, तर एकतीस लेबलं पाकिटाविना कुठेतरी असायला हवीत.

कचऱ्याची टोपली रोज रिकामी होते. मी तरीही वाकून पाहिलं.

७

पाकिटं बघून सचिवसाहेबांचा चेहरा क्षणभर खडूसारखा झाला. मिनिटभरात रंग परत आला.

लेबलं छापलीच नसतील, त्यांनी निदान केलं. पासवर्डताईने एकतीस नावं यादीतून उडवली आणि मागाहून परत घातली. वेबवरचा कारभार, मागमूस राहत नाही. ठरावाच्या विरोधात तीच सगळ्यात मोठ्याने बोलली होती, हे विसरू नका. निकाल आवडला नाही तर पाकिटं सापडायची, निवडणूक रद्द व्हायची; सोय करून ठेवली होती.

मी विचारलं, मतदानाच्या आधी तुम्ही यादी मागून घेतली होती ती कशाला? फोन करायला, ते म्हणाले. शंभरेक सभासदांना केले.

"प्रचार केला, बाई. प्रचार म्हणजे चोरी नव्हे."

ते उठले, दरवाजा लावून घेतला आणि तारीख दिली. शुक्रवारपर्यंत तिने खरं काय ते लिहून द्यावं, नाहीतर राजीनामा.

तो दिवस सोमवार होता.

८

चिकटदादा पंख्याखालच्या टेबलाशी बसले होते. काम नव्हतं, तरी वेळेवर येऊन बसले होते.

मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. अंगठा चारी कडांवरून फिरला. हे आमच्याच खोलीत बंद केलेलं आहे, ते म्हणाले, पण लेबल नाही. त्यात त्यांना नवल वाटलं नाही. दरवेळी लेबलं आधी संपतात आणि पाकिटं उरतात. आपल्या संस्थेचा तिमाही अंक असला तर उरलेल्या प्रती बाहेरच्या टेबलावर जातात, पाहुण्यांना वाटायला. ही पाकिटं त्यांनी खोक्यात घालून ठेवली. खोकं जिन्याखाली कुणी ढकललं, ठाऊक नाही. भरणारा हात थोडं जास्तच भरतो, असं त्यांचं म्हणणं.

या वेळी मी स्वतः मोजली होती, मी म्हटलं. दोनदा.

"मग दोनदा चुकली असेल मोजणी."

चौतीस वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी काय मत दिलं ते विचारायचा मला अधिकार नव्हता. दिलं का, एवढंच विचारलं. तेही अठरा वर्षांचे सभासद होते.

"मला पाकीटच आलं नाही," ते म्हणाले. "बाकी चौघांना आलं. वाटलं, मी फार बोललो ठरावाविरुद्ध, म्हणून मला गाळलं असेल. मग विचारायची लाज वाटली."

मी बाहेर आले आणि कपाटाला टेकून उभी राहिले. ज्याची भाकरी जाणार होती, नेमकं त्याचंच मत कुणीतरी गिळलं होतं.

९

मत न आलेले सभासद दोनशे एकोणपन्नास. एक दादा. उरलेल्यांना फोन लावायला घेतले.

आलं होतं, पण राहून गेलं. आता देऊ का?

कुठली संस्था म्हणालात?

आलं. भोकाचं कार्ड नातीने माळेत ओवलंय.

ते गेले हो. दोन महिने झाले. तुमची पुस्तकं शेवटपर्यंत ऐकत होते.

(मी माफी मागितली. पासवर्डताईने त्यांचं नाव यादीतून तिथल्या तिथे काढलं.)

नाही आलं. मागचा अंक मात्र आला होता.

नाही आलं. आमचे हे म्हणाले, तुला काढून टाकलं असेल, तू कुठे कधी कार्यक्रमाला जातेस.

आलं होतं. कुणाला मत दिलं ते सांगू?

नाही आलं. नाही आलं.

१०

बुधवारी दुपारपर्यंत माझा घसा बसला. पाकीट आलंच नाही असं ठामपणे सांगणारे सत्तावीस निघाले. दादा धरून अठ्ठावीस. काही फोन लागलेच नाहीत.

अठ्ठावीस नावं कागदावर लिहून मी कितीतरी वेळ बघत राहिले. एक दातांचे डॉक्टर, एक बसचालक, दोन शिक्षिका, एक आजोबा जे रोज एक पुस्तक ऐकून संपवतात. गावाच्या चारी टोकांचे. कुणी नवे, कुणी जुने. कुणी डोळस, कुणी दृष्टिहीन. दोन जण एकमेकांना ओळखतील तर शपथ.

आणि त्यात सचिवसाहेबांचे सख्खे साडू. ठरावाला अनुमोदन यांचंच. मी फोन केला तेव्हा ते तणतणले, साडूंच्या घरचं कार्य आणि आम्हालाच आमंत्रण नाही.

सचिवांनी पाकिटं दाबली असती तर स्वतःच्या साडूचं पक्कं मत कशाला दाबलं असतं? पासवर्डताईने दाबली असती तर दादांचं कशाला?

चोराला कुणाशीच वैर नव्हतं. त्याला कुणाचा फायदाही नको होता.

११

गुरुवारी पासवर्डताई दोन कागद घेऊन आली. एकावर राजीनामा. दुसऱ्यावर सगळे पासवर्ड, एकाखाली एक, सुवाच्य अक्षरात.

"माझ्यामागे तुमची पंचाईत नको," ती म्हणाली.

१२

मी तिला बसवलं आणि ते अठ्ठावीस जण तिच्या यादीत शोधायला लावले. यादी विभागवार, जशी लेबलांना लावतात तशी. तिने प्रत्येकाचा अनुक्रम सांगायचा, मी लिहायचा.

आकड्यांत काही दिसेना. मग सवयीने मी दोन नावांमधलं अंतर मांडलं.

२१. २१. २०. २१. ४२. २१. २२. २१. २१. ४२.

वर्गीकरण करणाऱ्याचे हात तालावर चालतात. ताल चुकला की मान आपोआप वर होते. इथे उलटं झालं. घड्याळ बरोबर चाललं होतं, फक्त मधेच एखाद्या टोल्याला अडखळत होतं. बेचाळीस म्हणजे दोनदा एकवीस. मधला माणूस बहुधा फोन न लागलेल्यांतला. पण वीस का? बावीस का?

"ही यादी त्या दिवशीची आहे?" मी विचारलं.

"ही नेहमी आजचीच असते, बाई." तिचे डोळे मोठे झाले. "तेव्हापासून तिघे नवे आलेत. आणि परवा आपण ते वारलेले आजोबा काढले."

१३

वेबवरच्या यादीला काल नसतो. त्या दिवशीची यादी हवी तर ती कागदावरच असणार. खरी लेबलं पाकिटांवर बसून गेली होती. पण साध्या कागदावरची चाचणी?

पासवर्डताई ओशाळली. मागची बाजू कोरी असते, तेव्हा ते कागद ती लेकीला चित्रं काढायला घरी नेते.

ती धावत घरी गेली. तासाभराने गठ्ठा घेऊन आली. मांजरं, सूर्य, तीन पायांची एक गाय, आणि एका पानावर लाल खडूत ‘आई ऑफिसात’. एकही पान हरवलं नव्हतं.

आम्ही ती फरशीवर उलटी मांडली. मांजरं खाली, नावं वर.

१४

मी अठ्ठावीस नावांना लाल गोल केला. मग उठून उभी राहिले, आणि पासवर्डताईने माझं मनगट धरलं.

लाल गोल सगळे एकाच जागी. खालची ओळ, उजवा कोपरा. प्रत्येक पानावर तेच. तीन पानांचे कोपरे मोकळे होते; ती तीन नावं ताडून पाहिली. तिघेही फोन न लागलेल्यांत.

पानं एकतीस.

सहाशे एक्कावन्नाला एकवीसने भाग द्यायचा होता फक्त. चौथीतली मुलगी करेल तो भागाकार मी चार दिवस केला नव्हता.

१५

कुणी माणसं निवडलीच नव्हती. जागा निवडली होती.

प्रिंटर कोपरा खातो का ते बघायला आम्ही एक शीट छापलं. कोपऱ्यातलं नाव ठसठशीत आलं. दुसरं छापलं, तेही. म्हणजे लेबल छापलं जात होतं आणि पाकिटापर्यंत जात नव्हतं. छपाई आणि पाकीट यांच्यामध्ये एक टेबल होतं, आणि त्या टेबलाशी एकच माणूस बसायचा.

मी पासवर्डताईकडे बघितलं नाही. तीही माझ्याकडे बघत नव्हती.

"ते स्वतः कसे करतील?" ती म्हणाली. "त्यांचं स्वतःचं गेलंय त्यात."

१६

पाच शीटं छापून घेतली, शंभर कोरी पाकिटं घेतली आणि दादांना म्हटलं, थोडं काम आहे. त्यांचा चेहरा उजळला. ते मला बघवेना.

पासवर्डताईने नेहमीप्रमाणे गठ्ठा त्यांच्यासमोर सरळ ठेवला आणि नेहमीप्रमाणे वळली. या वेळी दारात थांबली.

दादांनी गठ्ठ्यावर तळहात ठेवला. दोन्ही कडा बोटांनी जुळवून घेतल्या. मग उजव्या अंगठ्याचं नख खालच्या उजव्या कोपऱ्यात गेलं आणि तिथलं लेबल अलगद निघालं. दोन बोटांत त्याची गोळी झाली. गोळी टेबलाखालच्या टोपलीत.

दुसरं शीट. नख, कोपरा, गोळी.

पाच शीटं, पाच गोळ्या. मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि पहिलं पाकीट पुढे ओढलं.

१७

"दादा, ते काय काढलंत?"

"कोरं लेबल." काय विचारताय, असा त्यांचा सूर होता.

मग त्यांनी समजावून सांगितलं. शीट गुळगुळीत असतं. चिकटवताना ते हातात दहा वेळा फिरतं, आणि एकदा फिरलं की वर कुठलं, खाली कुठलं, बोटांना कळत नाही. लोकांची नावं उलटी लागायची. म्हणून जुन्या कारकुनांनी पहिल्याच महिन्यात तोडगा काढला. ते शीटवर वीसच नावं छापायचे आणि एकविसावी जागा कोरी सोडायचे. सांगायचे, हा कोपरा तुमचा. आधी तेवढं सोलून टाकायचं; मग जिथे लेबलामागचा मेणकागद उघडा लागतो तो उजवा, खालचा. सोळा वर्षं त्यांनी तसंच छापलं. ते निवृत्त झाले तरी कोपरा दादांचाच राहिला.

दारातून पासवर्डताईचा श्वास ऐकू आला.

मला ते वाक्य टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं. "दादा, त्या लेबलावर आता नाव असतं."

दादांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं.

"कधीपासून?"

"वेबवरची यादी आली तेव्हापासून. दोन वर्षं."

त्यांनी वाकून टोपली ओढली, एक गोळी काढली आणि नखांनी उलगडायला लागले. ती चिकटली होती, फाटत होती. अर्धवट सरळ झालेला तुकडा त्यांनी माझ्यापुढे धरला.

"कोण आहे हे?"

मी वाचलं. पुलापलीकडच्या विभागातली एक परिचारिका होती.

१८

"दोन वर्षं," ते म्हणाले. "आठ अंक. दर अंकाला तीस माणसं. आणि त्यांच्या प्रती मी पाहुण्यांना वाटायला देत होतो." बोलताना ते हिशेब करत नव्हते, नुसते आकडे एकामागून एक पडत होते.

दर वेळी माणसं वेगळी असत, मी सांगितलं. यादीत कुणी आला, कुणी गेला की कोपरा दुसऱ्याच्या वाट्याला. एक अंक चुकला म्हणून कुणी तक्रार करत नाही. म्हणून कळलं नाही.

त्यांनी मान वर केली. "आणि मला पाकीट आलं नाही ते?"

"सतरावं शीट."

त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली नेले, जणू कुणी ते बघू नयेत.

१९

पासवर्डताई आत आली आणि स्टुलावर बसली. रडत होती, पण आवाज धड होता. दर तीन महिन्यांनी या टेबलावर गठ्ठा ठेवला आणि पाठ फिरवली, ती म्हणाली. ते कसं चिकटवतात हे एकदाही थांबून बघितलं नाही.

मी वाट काढली. अहवालात लिहायचं, छपाईत तांत्रिक चूक झाली, एकतीस लेबलं निघाली नाहीत. तेवढ्यांचं मतदान पुन्हा. नाव कुणाचंच नको. खरं लिहिलं तर सचिवांना हवा तो पुरावा त्यांच्या हातात आयता पडतो, आणि राहिलेली मतंही जातात. पासवर्डताईने मान डोलावली. तिला शिव्या बसतच होत्या, आणखी थोड्या.

दादा माझ्याकडे वळले.

"बाई, पोस्टात तुमच्या हातून पत्र चुकीच्या कप्प्यात गेलं तर तुम्ही काय लिहायचात?"

"चुकलं, असं लिहायचे."

"आणि खाली?"

"सही."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि पासवर्डताईचा राजीनामा कुठे आहे ते विचारलं. तिने तो हातात दिल्यावर शांतपणे चार तुकडे केले.

२०

शनिवारी तातडीची सभा भरली. खुर्च्या कमी पडल्या. मी आकडे वाचले, चाचणीची पानं भिंतीवर लावली. कुजबुज सुरू झाली आणि दादा उभे राहिले तेव्हा थांबली.

"ती एकतीस माणसं मी काढली," ते म्हणाले. "मला वाटलं, ती जागा कोरी आहे. कोरी आहे का, हे मी कधी विचारलं नाही. मला दिसत नाही, पण विचारता येतं."

ते बसले.

सचिवसाहेब उठले. त्यांचा आवाज खाली होता, जिंकल्यासारखा नव्हता. आपला मुद्दा हाच होता, ते म्हणाले, माणूस कितीही चांगला असला तरी. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मग पासवर्डताईची सर्वांसमोर माफी मागितली, आणि ती मागताना ते खरोखर लाल झाले.

मागून त्यांचे साडू बोलले. "माझं मत तुमच्याच बाजूचं होतं, भावजी. पण आधी माझं पाकीट येऊ द्या."

लोक हसले, आणि सभेला श्वास आला.

ठरलं ते असं. निकाल स्थगित, कार्यशाळा तोवर चालू. त्या एकतिसांना पुन्हा कार्डं जातील. दादांचा एक हट्ट होता: प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी, काय झालं आणि कुणाच्या हातून, त्यांच्या शब्दांत. पाकीट उघडणाऱ्याला आधी ते कळलं पाहिजे, मग त्याने कार्ड निवडावं.

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, ही चिठ्ठी तुमच्याच मुळावर येईल. त्यांना ते ठाऊक होतं.

लेबलं एजन्सीकडून लावून घ्यावीत का, असं कुणीतरी विचारलं. मी निवडणूक अधिकारी होते. कार्यशाळा चालू आहे, मी म्हटलं, टपाल तिचं आहे.

२१

पासवर्डताईने दोन शीटं छापली आणि मेणकागदाचा कोपरा कात्रीने तिरका कापला. नाव एकही गेलं नाही. एका सेकंदाचं काम. आम्ही तिघं त्या कापलेल्या कपच्याकडे मूर्खासारखे बघत बसलो.

पहिल्या फेरीत सहाशे वीस पाकिटांतून चारशे दोन मतं परत आली होती. या वेळी एकतीस गेली. दहाव्या दिवशी, मुदतीच्या संध्याकाळी, मी पेटी उघडली आणि बाहेरच्या पाकिटांवरचे क्रमांक यादीशी जुळवले. मग पुन्हा जुळवले. माझा माझ्यावर विश्वास उरला नव्हता. एकतीस.

आतली लहान पाकिटं सचिवसाहेबांसमोर फोडली. साधी कार्डं चोवीस. भोकाची सात.

होय दोनशे पंधरा. नाही दोनशे अठरा.

सचिवसाहेबांनी बेरीज स्वतः केली, मग माझ्या सहीखाली सही केली. दुसऱ्या ध्वनिमुद्रण कक्षाला आता दुसरीकडे जागा बघावी लागेल, एवढंच म्हणाले.

मी मागच्या खोलीत गेले. पाचही जण कामं थांबवून बसले होते. दादांनी माझी पावलं ओळखली आणि मी तोंड उघडायच्या आत हात वर केला.

"आधी सांगा, पोचली का सगळी?"

"एकतीसच्या एकतीस पोचली, दादा. सगळ्यांनी उत्तर दिलं."

त्यांनी डोळे मिटले. कोपऱ्यातून बाइंडिंग करणारी बाई म्हणाली, अहो, आमच्या जीवाला घोर लागलाय, पुढचं सांगा. मी पुढचं सांगितलं. खोलीत सगळे एकदम बोलायला लागले, कुणीतरी कुणाचा तरी खांदा समजून टेबलच थोपटलं.

दादा बोलले ते सगळ्यात शेवटी.

"त्या सात जणांचंही काही चूक नाही, बाई."

मग त्यांनी शेजारचं स्टूल पायाने पुढे सरकवलं आणि दाराकडे तोंड करून हाक मारली. "ताई, बाहेर उभ्या आहात ना? या, बसा इथे. मी कसं चिकटवतो ते बघा एकदा."